नव्या बिऱ्हाडांतील कांचेचे पेले

नवें बिऱ्हाड थाटतांना पोळपाट-लाटणें, तांदळाचा डबा, कुकर, झारा या वस्तूंची यादी करण्यास कोणासहि फारसा विचार पडत नाहीं. आईच्या स्वयंपाकघरांत जें वर्षानुवर्षें पाहिलें तेंच डोळ्यांपुढें उभें राहतें आणि यादी आपोआप तयार होते. कांचेच्या पेल्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. आईच्या घरीं पेले असत ते पितळेचे किंवा स्टीलचे. कांचेचे असलेच तर फुलांच्या नक्षीचे सहा, कपाटाच्या वरच्या फळीवर, आणि ते खालीं उतरावयाचे दिवाळीस किंवा जांवईबापू आले म्हणजे. आजच्या तरुण जोडप्याच्या घरीं शनिवारीं संध्याकाळीं मित्रमंडळी जमते. त्यांत कोणी व्हिस्की घेणारा असतो, कोणी वाइन घेणारी असते, कोणास बियर हवी असते, तर कोणास नुसतें लिंबाचें सरबत. या सर्वांपुढें काय ठेवावें याचा धडा आईच्या स्वयंपाकघरांत मिळालेला नसतो.

मग तीं दोघें दुकानांत जातात. तेथें पेल्यांचे पन्नास प्रकार मांडलेले असतात : बुटके, उंच, फुगीर, निमुळते, त्रिकोणी, देठाचे, कानाचे. प्रत्येक प्रकार कोणत्या तरी एका पेयासाठींच आहे असें विक्रेता सांगतो आणि प्रत्येकाचा सहांचा संच घेण्याचा आग्रह करतो. लग्नाच्या अहेरांत आलेले दोन-तीन संच घरीं असतातच. वर्षभरानें कपाट उघडून पाहावें तों पहिल्या संचांतील चार, दुसऱ्यांतील तीन आणि तिसऱ्यांतील सर्वच्या सर्व सहा पेले शिल्लक असतात. हे सहा वांचले ते कधीं वापरलेच गेले नाहींत म्हणून. पैसा खर्च झाला, जागा अडली, आणि आठ पाहुणे आले तर सारखे आठ पेले मिळत नाहींत ते नाहींतच.

ही फजिती टाळावयाची तर पेल्याचा आकार कशासाठीं असतो, कांच कशी पारखावी आणि नग किती घ्यावेत, या तीन गोष्टी अगोदर समजून घेतल्या पाहिजेत. त्या समजल्या म्हणजे ध्यानांत येतें कीं पन्नास प्रकारांपैकीं नव्या घरास खरी गरज आहे ती दोन प्रकारांची, फार तर तिसऱ्याची.

प्रथम कांचेविषयीं. वाळू, सोडा आणि चुना हे तीन पदार्थ भट्टींत सुमारें १५०० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर वितळवून नेहमींची कांच होते. तिच्यांत सुमारें सत्तर टक्के वाळूच असते. पेयासाठीं कांच श्रेष्ठ ठरली ती केवळ तिच्या पारदर्शकपणामुळें नव्हे. कोकम, लिंबू, ताक हे आंबट पदार्थ तांब्यापितळेच्या भांड्यांत ठेवले तर कळकतात, म्हणून आपल्या आज्या कल्हईवाल्याची वाट पाहत. कांचेवर अशा आंबटाचा परिणाम होत नाहीं. तिला स्वतःची चव नाहीं, वास नाहीं, आणि नीट धुतल्यावर कालच्या पेयाची आठवणहि ती ठेवीत नाहीं. आज व्हिस्की, उद्यां पन्हें, असा एकच पेला निर्धास्तपणें वापरतां येतो तो या गुणामुळें.

महाराष्ट्राचें कांचेशीं नातें जुनें आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसाफंडानें १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना काढला. पुढें १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कांचेचा उद्योग सुरू केला, आणि कऱ्हाडजवळच्या ज्या माळावर तो वाढला त्यास ओगलेवाडी हें नांव पडलें. तेथील प्रभाकर कंदिलानें खेड्यापाड्यांतील कित्येक पिढ्यांना उजेड दिला. देशी कांच घ्यावी कीं परदेशी, हा त्या काळीं स्वाभिमानाचा प्रश्न होता. आज देशांत चांगले साधे पेले सर्वत्र मिळतात. तेव्हां निवड करतांना पाहावयाचें तें पेल्याच्या घडणीकडे, पेटीवरील परदेशी नांवाकडे नव्हे.

दुकानांत हमखास ऐकूं येणारा दुसरा शब्द म्हणजे ‘क्रिस्टल’. १६७४ सालीं लंडनच्या जॉर्ज रेव्हनस्क्रॉफ्टनें कांचेच्या नव्या प्रकारासाठीं एकस्व मिळविलें, आणि लवकरच कांचेंत शिशाचा प्राणिद मिसळण्याची त्याची रीत प्रसिद्धीस आली. अशी कांच जड असते, प्रकाश अधिक वाकवीत असल्यामुळें झगमगते, तिच्यावर नक्षी सुबक कोरतां येते, आणि टिचकी मारली असतां ती घंटेप्रमाणें नाद देते. युरोपांतील नियमाप्रमाणें शिशाचें क्रिस्टल म्हणवून घेण्यास तिच्यांत किमान २४ टक्के शिशाचा प्राणिद असावा लागतो. परंतु हें शिसें मद्यांत उतरतें. १९९१ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील ग्राझियानो व ब्लम यांनीं क्रिस्टलच्या सुरईंत चार महिने पोर्ट वाइन ठेवून तपासली, तेव्हां तिच्यांतील शिसें कित्येक पटींनीं वाढलेलें आढळलें. घटकाभर पेल्यांत राहिलेल्या पेयांत तें अल्पच उतरेल. तरीहि ज्या घरांत उद्यां लहान मूल येणार आहे, त्या घरानें हा धोका विकत कां घ्यावा? शिसें नसलेलें क्रिस्टल आतां मिळतें. पेटीवर तसा स्पष्ट उल्लेख असेल तर घ्यावें. आजोबांच्या काळची क्रिस्टलची सुरई असेल तर ती शोभेसाठीं ठेवावी. तिच्यांत मद्य सांठवूं नये.

आतां आकाराविषयीं. कोणत्याहि पेल्यासमोर उभें राहिल्यावर तीन प्रश्न विचारावे. यांत बर्फ घालावयाचा आहे काय? पेयांत वायूचे बुडबुडे आहेत काय? पेयाचा वास घेणें महत्त्वाचें आहे काय? सर्व आकारांचें मूळ या तीन प्रश्नांत आहे.

पहिला अत्यावश्यक पेला बुटका, रुंद आणि जाड बुडाचा. यांत सुमारें २५० ते ३०० मिलिलिटर पाणी मावावें. व्हिस्की, रम यांसारखीं कडक मद्यें बर्फाबरोबर किंवा थोड्या पाण्याबरोबर घेतात, त्यांसाठीं हा पेला. तोंड रुंद असलें कीं बर्फाचा मोठा खडा आंत जातो, आणि मोठा खडा घालण्यास कारण आहे. चार सेंटिमीटर बाजूच्या एका घनाचें घनफळ ६४ घनसेंटिमीटर व पृष्ठफळ ९६ चौरस सेंटिमीटर भरतें. तेवढाच बर्फ दोन सेंटिमीटर बाजूच्या आठ लहान खड्यांच्या रूपानें घातला तर पृष्ठफळ १९२ होतें, म्हणजे नेमकें दुप्पट. बर्फ वितळतो तो पृष्ठभागावरून. म्हणून लहान खडे लवकर पाणी होतात आणि पेय बेचव करतात. बूड जाड हवें तें पेला सहजासहजीं कलंडूं नये म्हणून. एरवीं याच पेल्यांत सकाळीं संत्र्याचा रस आणि उन्हाळ्यांत गार खीर शोभून दिसते.

दुसरा अत्यावश्यक पेला उंच व अरुंद, सुमारें ३०० ते ३५० मिलिलिटरचा. जेथें मद्यांत सोडा किंवा टॉनिक पाणी मिसळावयाचें असतें तेथें हा लागतो. सोड्यांतील वायु पृष्ठभागावरून उडून जातो. पेल्याचें तोंड अरुंद असलें कीं उघडा पृष्ठभाग कमी राहतो आणि शेवटच्या घोटापर्यंत सोड्याचा तजेला टिकतो. बियरहि यांत उत्तम दिसते व फेंस नीट धरते, त्यामुळें बियरचा निराळा कानाचा पेला घेण्याची गरज उरत नाहीं. गोव्यांत उन्हाळ्याच्या आरंभीं काजूच्या बोंडांची पहिल्या वाफेची उर्राक निघते. ती लिंबू व सोडा घालून घेण्याची तिकडील चाल आहे, तिलाहि हाच पेला सोयीचा. कोकम सरबत, पन्हें, ताक, फालुदा, शहाळ्याचें पाणी या सर्वांचें घर हेंच. नव्या संसारास पैशांअभावीं एकच प्रकार घेतां येत असेल तर हा उंच पेला घ्यावा.

तिसरा पेला देठाचा, म्हणजे वाइनचा. तो घरांत वाइन घेतली जात असेल तरच घ्यावा. नाशिकच्या परिसरांत द्राक्षांची वाइन मोठ्या प्रमाणावर होऊं लागल्यापासून ती शहरांतील पुष्कळ घरांत पोंचली आहे. वाइनचें निम्में सुख तिच्या वासांत असतें. म्हणून तिचा पेला खालीं फुगीर व तोंडाशीं किंचित् मिटलेला असतो. फुगीर भागांत वास जमतो आणि मिटलेलें तोंड त्यास कोंडून धरतें. हा पेला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भरूं नये, नाहींतर वासास जागा उरत नाहीं. देठ असतो तो दिमाखासाठीं नव्हे. हाताची उष्णता सुमारें ३३ अंशांच्या आसपास असते. पांढरी वाइन त्याहून पुष्कळ गार प्यावयाची असते. देठ धरला कीं हाताची ऊब पेयापर्यंत पोंचत नाहीं, आणि कांचेवर बोटांचे ठसेहि उमटत नाहींत.

प्रत्येक जातीच्या वाइनला निराळा पेला हवा, ही कल्पना बरीच अलीकडची. ऑस्ट्रियांतील कांचकार क्लाउस रिडेल यांनीं १९७३ सालीं निरनिराळ्या वाइनसाठीं निरनिराळ्या पेल्यांची मालिका काढली आणि त्या कल्पनेचा जगभर प्रसार झाला. अमुक पेला वाइन जिभेच्या अमुक भागावर सोडतो म्हणून ती अधिक गोड किंवा आंबट लागते, असें स्पष्टीकरण त्या वेळीं दिलें जाई. जिभेच्या टोंकास गोड, कडेस आंबट, मागें कडू, असें चित्र जुन्या शालेय पुस्तकांत असे. १९०१ सालीं हेनिग या जर्मन संशोधकानें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा पुढें विपर्यास होऊन तें चित्र रूढ झालें. जिभेचा चव घेणारा प्रत्येक भाग सर्वच चवी ओळखतो, हें आतां सिद्ध झालेलें आहे. तेव्हां त्या चित्राच्या आधारावर दहा प्रकारचे पेले घेण्याचें कारण नाहीं. वाइन तपासणारे तज्ज्ञसुद्धां १९७७ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें तांबड्या-पांढऱ्या सर्व वाइनसाठीं सुमारें २१५ मिलिलिटरचा एकच आकार वापरतात आणि त्यांत केवळ ५० मिलिलिटर वाइन घेतात. घरासाठीं ३०० ते ४०० मिलिलिटरचा एक मध्यम आकार सर्व वाइनना पुरे होतो.

राहिलेले आकार बाजारांतच राहूं द्यावे. त्रिकोणी उघड्या तोंडाचा मार्टिनीचा पेला जरा हात हलला कीं पेय सतरंजीवर सांडतो. शॅम्पेनचा उंच सडपातळ पेला वर्षांतून एकदां लागतो. त्या दिवशीं वाइनचाच पेला चालतो. मोठ्या पोटाचा ब्रँडीचा पेला देखणा खरा, पण तेंहि काम वाइनचा पेला करतो.

एक लहानसें पात्र मात्र न विसरतां घ्यावें, आणि तें म्हणजे खुणा असलेलें माप. आपल्याकडे लहान पेग ३० व मोठा पेग ६० मिलिलिटरचा मानतात. तरीहि घरोघरीं मद्य ओततात तें ‘एक बोट’, ‘दोन बोटें’ अशा हिशेबानें. एक बोट म्हणजे दोन सेंटिमीटर उंची धरूं. पेल्याचा आंतील व्यास सहा सेंटिमीटर असेल तर एका बोटांत सुमारें ५६ मिलिलिटर मद्य मावतें. व्यास आठ असेल तर १०० मिलिलिटर. बोट तेंच, मद्य मात्र जवळ जवळ दुप्पट! उंची डोळ्यांत भरते, रुंदी भरत नाहीं. बुटक्या भांड्यांतील पाणी उंच भांड्यांत ओतलें कीं लहान मुलांना तें वाढल्यासारखें वाटतें, हें ज्यां पियाजे या मानसशास्त्रज्ञानें आपल्या प्रयोगांत दाखविलें. यजमान झालेल्या मोठ्या माणसाचा डोळाहि त्या फसवणुकींतून पुरता सुटलेला नसतो.

हा हिशेब केवळ बाटली पुरविण्यासाठीं नाहीं. देशी व्हिस्कींत साधारणतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ३० मिलिलिटरच्या पेगांत सुमारें १० ग्रॅम. पांच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बियरमध्यें तो २५ ग्रॅमांहून थोडा अधिक, आणि १२ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्यें सुमारें १४ ग्रॅम भरतो. बियर सौम्य म्हणून तिचा हिशेब न ठेवणाऱ्यानें एका मोठ्या बाटलींत अडीच पेग घेतलेले असतात. मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास पूर्णपणें निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट केलें. शिवाय महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यान्वयें मद्य बाळगण्यास व घेण्यास परवाना लागतो. घरीं मद्य ठेवावें कीं नाहीं हें ज्याच्या त्याच्या विचारावर अवलंबून आहे. परंतु जो ठेवील त्यानें माप ठेवावें, आणि पाहुणा गाडी चालवीत परत जाणार आहे काय हें माप हातीं घेण्यापूर्वीं विचारावें.

आतां दुकानांतील पारख. पेला सपाट फळीवर ठेवून बोटानें हलकेच हलवावा. डुगडुगला तर परत करावा. कांठावरून बोट फिरवावें. कोठें खरखर लागली तर पुढें तेथूनच टवका उडणार हें समजावें. उजेडाकडे धरून आंतून पाहावें. मोठे बुडबुडे व रेघा हीं कांच कमजोर असल्याचीं चिन्हें होत. पेला हातांत धरून पाहावा, आणि ज्याचा हात लहान आहे त्यासहि धरावयास सांगावें. कांठ जितका पातळ तितकें पिणें सुखाचें, परंतु रोजच्या धुण्यांत अति पातळ कांठ टिकत नाहीं. यांत मध्यम मार्गच बरा.

जाड पेला अधिक बळकट, ही समजूत धक्क्याच्या बाबतींत पुष्कळशी खरी असली तरी उष्णतेच्या बाबतींत उलट आहे. कांचेंतून उष्णता हळू वाहते. गार पेल्यांत कढत पाणी ओतलें कीं आंतली बाजू तत्काळ प्रसरण पावते, बाहेरची गारच राहते, आणि या ओढाताणींत पेला तडकतो. कांच जितकी जाड तितका दोन बाजूंतील फरक अधिक. म्हणून बर्फाचा जाड पेला रिकामा होतांच कढत पाण्याखालीं धरूं नये. कढत पेयांसाठीं बोरोसिलिकेट कांच घ्यावी. जर्मनींतील येना येथें ओटो शॉटनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सिद्ध केली, आणि तिचें प्रसरण नेहमींच्या कांचेच्या सुमारें एक तृतीयांशच होतें.

लहान मुलांच्या घरास विशेष योग्य अशी आणखी एक कांच असते, ती म्हणजे कणखर केलेली. पेला घडल्यावर तो पुन्हा तापवून त्याच्यावर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधीं घट्ट होतो. आंतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्या थरास सतत दाबून धरतो. तडा जावयाचा तो कांच ताणली गेल्यावर. येथें तिचा पृष्ठभाग मुळांतच दाबलेला असल्यामुळें धक्का पुष्कळ सहन होतो. फुटलीच तर लांब धारदार तुकडे न होतां लहान बोथट कण होतात. मात्र तिच्यावर खोल ओरखडा पडला असेल तर ती अवचित फुटूं शकते, म्हणून ओरखडलेला पेला निरुपयोगी समजावा.

नग किती घ्यावेत? सहांचा संच हा दुकानदाराचा हिशेब आहे. घराचा हिशेब जेवणाच्या मेजाभोंवतीं किंवा बैठकींत किती माणसें बसूं शकतात यावरून करावा. दोन खोल्यांच्या घरांत एका वेळीं सहा माणसें सुखानें बसतात. तेव्हां उंच पेले आठ, बुटके सहा, वाइन घेतली जात असेल तर देठाचे चार ते सहा, एक माप, आणि पाण्यासाठीं सव्वा ते दीड लिटरची कांचेची सुरई. एवढ्यानें सर्व काम भागतें. वरचे दोन उंच पेले फुटणाऱ्यांच्या वाट्याचे, कारण पेले फुटणार हें गृहीत धरलेंच पाहिजे. म्हणूनच नक्षी टाळावी आणि अगदीं साधा, वर्षानुवर्षें चालू असलेला घाट घ्यावा. साध्या पेल्याचा जोडीदार पांच वर्षांनींहि मिळण्याचा संभव असतो. सोनेरी कड व निळीं फुलें असलेला एक फुटला कीं उरलेले पांच पोरके होतात.

घेतलेले पेले टिकविणें हें धुण्यावर अवलंबून आहे. तेलकट भांड्यांच्या आधीं कांच धुवावी, आणि तिच्यासाठीं घासणी निराळी ठेवावी. तेलाचा सूक्ष्म थर राहिला तर बियरचा फेंस क्षणांत मोडतो. फेंस टिकला तर पेला स्वच्छ, ही सोपी कसोटीच आहे. बोअरच्या जड पाण्यानें कांचेवर पांढुरकी सांय धरते. ते चुन्याचे क्षार असतात, आणि लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवल्यास जातात. कपाटांत पेले सुलटे ठेवावे. उपडे ठेवल्यास आंत फळीचा वास कोंडतो आणि सर्वांत नाजूक जो कांठ त्यावरच भार येतो. एकांत एक घातलेले दोन पेले अडकून बसले तर ओढाताण करूं नये; आंतल्यांत गार पाणी घालून बाहेरचा कोमट पाण्यांत धरावा, म्हणजे एक आकसतो, दुसरा फुगतो, आणि दोन्हीं सुटतात. पेला फुटलाच तर तुकडे जाड वर्तमानपत्रांत गुंडाळून, दोऱ्यानें बांधून, वर ‘कांच’ असें ठळक लिहून निराळे द्यावे. कचरा गोळा करणाऱ्या बाईच्या हातांत आपल्या घरची कांच शिरणें ही आपली निष्काळजी, आणि तिची किंमत भरावयाची तिनें, हा अन्याय आहे.

येथेंच पेल्यांच्या निवडींतील शेवटची गोष्ट येते. कोणीं कोणाच्या पात्रांतून प्यावें हा आपल्या समाजांत साधा प्रश्न कधींच नव्हता. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखी मंडळी तेथें होती. जमलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं, तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, आणि एका चहाच्या पेल्यापायीं मोठमोठ्यांना प्रायश्चित्ताचा विचार करावा लागला. १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी प्राशन केलें तें तहान लागली म्हणून नव्हे. त्या ओंजळींत माणुसकीचा हक्क होता. हा इतिहास संपला असें म्हणावें, तर अजूनहि कित्येक सुशिक्षित घरांत कामवालीचा कप वेगळा असतो. तो बहुधा कान तुटलेला असतो आणि खिडकींत उपडा घातलेला असतो.

नव्या संसारास ही रीत मोडणें सर्वांत सोपें, कारण त्याचीं सर्वच भांडीं नवीं असतात. एकाच साध्या घाटाचे पेले घेतले कीं निराळा पेला काढण्याचा प्रश्नच उरत नाहीं. शनिवारच्या बैठकींत मद्य न घेणाऱ्या मित्रास स्टीलच्या भांड्यांत सरबत आणि इतरांस कांचेचे पेले, असा भेद झाला तर तो मित्र न बोलतां वेगळा पडतो, आणि आग्रहाचीं बोटें त्याच्याकडे वळतात. त्याच्याहि हातीं तोच उंच पेला, तोच बर्फ आणि तीच लिंबाची चकती असली, तर त्यांत काय आहे याची चौकशी कोणी करीत नाहीं. आणि दुपारीं दोन जिने चढून आलेल्या कामवालीस, नळ दुरुस्त करणाऱ्यास, टपाल आणणाऱ्यास त्याच फळीवरचा तोच पेला भरून पाणी दिलें, तर त्या पेल्याचें कांहींच बिघडत नाहीं. कांच नीट धुतली कीं कालचा वास ठेवीत नाहीं, हा तिचा गुण आरंभीं सांगितलाच आहे.